पंडिता रमाबाई : ख्रिस्तीपण आणि त्याचे मोल

मराठी वाङ्मयेतिहासात पंडिता रमाबाईंची नोंद प्रायः दोन ग्रंथांपुरती होते : १८८२ सालचे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि १८८९ सालचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. त्यापुढची तेहतीस वर्षे, म्हणजे आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग, वाङ्मयेतिहासकारांच्या लेखी सामाजिक कार्य या सदरात जमा होतो; आणि ते कार्य उघडपणे ख्रिस्ती असल्यामुळे समाजसुधारणेच्या इतिहासातही त्याचा उल्लेख काहीशा संकोचानेच होत आला आहे. या संकोचाचे मूळ शोधावयाचे तर रमाबाईंनी धर्मांतर केले एवढे सांगून भागत नाही. धर्मांतरित विद्वान महाराष्ट्राला त्यांच्यापूर्वीही ठाऊक होते. बाबा पदमनजी आणि नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी जातीबाहेर जाण्याचे दुःख भोगले होते, पण एकदा बाहेर पडल्यावर त्यांचे क्षेत्र वेगळे झाले होते. रमाबाई बाहेर पडल्या आणि परत आल्या. ब्राह्मण विधवांच्या मध्यभागी, पुण्यासारख्या शहरात, ख्रिस्ती म्हणून राहण्याचा हक्क त्यांनी मागितला. धर्म खाजगी ठेवण्याचे त्यांनी जसे नाकारले, तसेच तो चर्चच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचेही नाकारले. या दोन्ही नकारांची किंमत त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांच्या हाती चुकती करावी लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. पुण्यात विद्यार्थिदशेत असताना आपले गुरू पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रियांना संस्कृतविद्या द्यावी हा ध्यास तेथपासून त्यांना लागला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकविले. त्याबद्दल उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राधारे आपली बाजू मांडली. आणि तरीही गावकीचा त्रास चुकेना, तेव्हा अरण्यात घर बांधून राहणे पत्करले. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते मुख्यतः आईने. म्हणजे मताखातर समाजाबाहेर राहण्याचा परिपाठ या घराला रमाबाईंच्या जन्मापूर्वीपासूनच होता. ही गोष्ट चरित्रकार सांगतात, परंतु तिचा पुढील आयुष्याशी असलेला संबंध पुरेसा लक्षात घेत नाहीत. मताचे मोल द्यावे लागते हे रमाबाईंना मिशनऱ्यांनी शिकविले नाही. एका कर्मठ वैष्णव शास्त्र्याच्या घरी त्या ते शिकल्या होत्या.

पुढे कर्जामुळे घर सुटले आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात, घाटावर, पारावर पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर चालावे, असा अनेक वर्षांचा क्रम होता. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंच्या मुखी होते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात हे पुराणिकाचे जिणे पार कोलमडले. व्रते, अनुष्ठाने, दाने यांत जवळचे होते नव्हते ते संपले. अंगमेहनत करावी तर शास्त्र्याच्या मुलांना ती येत नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. आधी वडील गेले, मग काही महिन्यांत आई, त्यानंतर थोरली बहीण. आईच्या अंत्ययात्रेस माणसे मिळेनात. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली, आणि उंची कमी म्हणून आपल्या बाजूचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. श्रद्धेने जे जे सांगितले ते ते करूनही देव प्रसन्न झाले नाहीत, हा अनुभव या मुलीने सोळाव्या-सतराव्या वर्षी घेतला. पुढे ‘माझी साक्ष’ लिहिताना त्या वळून वळून या काळाकडे येतात.

भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे वाचावयास घेतली. शास्त्रकारांचे इतर बाबतींत एकमत क्वचितच, पण स्त्रिया आणि शूद्र यांच्या अनधिकाराविषयी मात्र सर्वांचा सूर एक, हे त्यांच्या ध्यानात आले. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा तोवर न वाचलेला ग्रंथ वाचण्याचा दोष पत्करून त्यांनी तोही वाचला. १८८० मध्ये डाक्क्यास श्रीनिवासाचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता. जातीचा धागा येथेच तुटला होता. बाप्तिस्मा पुढे तीन वर्षांनी झाला. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती आले. पत्नीला त्यात रस वाटू लागला हे ब्राह्मो विचारांच्या पतीस रुचले नव्हते. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, मेधावी पटकीने वारले.

चोवीस वर्षांची ही विधवा लहान मुलीला घेऊन पुण्यास आली, तेव्हा मराठी ही तिची घरची भाषा असली, तरी महाराष्ट्र हा तिच्या वास्तव्याचा प्रदेश प्रथमच होत होता. सुधारकांनी तिचे स्वागत केले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या आगमनाने पुण्याच्या घराघरांतून उठलेली खळबळ नोंदविली आहे. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन, हंटर आयोगापुढची साक्ष हे सारे एका वर्षात झाले. इंग्रजीचे पाठ घेत असतानाच नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी धर्मचर्चा सुरू झाली. शास्त्र्याने शास्त्र्याच्या मुलीशी बोलावे असे ते बोलणे होते. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. धर्मांतराचा हेतू तेव्हा त्यांनी नाकारला होता, आणि त्या नाकारण्यात लबाडी होती असे मानण्यास आधार नाही. प्रवासखर्चाचा काही भाग ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून उभा राहिला होता. एखाद्या मराठी पुस्तकाने लेखिकेला समुद्रापार नेल्याचे हे उदाहरण त्या काळी तरी एकमेव असावे.

वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भयाने त्यांचे मन ग्रासले होते, असे मॅक्समुल्लर यांच्या आठवणींवरून दिसते. या घटनेनंतर रमाबाई ऑक्सफर्डला त्यांच्या घरी काही दिवस राहिल्या, तेव्हा रात्री एकटे झोपण्याचेही धैर्य त्यांना होत नव्हते. अशा मनःस्थितीत २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निकटतेचा अर्थ टीकाकारांनी आपापल्या सोयीने लावला. खचलेल्या मनाने आधार शोधला, असे एक म्हणाले. परोपकाराच्या दडपणाखाली धर्म स्वीकारला, असे दुसरे. रमाबाईंनी स्वतः दिलेले कारण वेगळे आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी जे काम करीत होत्या, ते त्यांनी पाहिले. ज्यांना हिंदू समाजात प्रायश्चित्तही नव्हते अशा बायकांना येथे परत माणसांत घेतले जाते, हे त्यांना नवे होते. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी या दर्शनाशी जोडली. म्हणजे त्यांच्या मनात श्रद्धेची वाट करुणेच्या एका प्रत्यक्ष संस्थेतून गेली, आणि पुढे त्यांच्या हातून जे जे उभे राहिले त्याचे बीज या फुलहॅमच्या घरात होते.

पुण्यामुंबईत बातमी पोचताच कालपर्यंत गौरव करणारी वृत्तपत्रे उलटली. सरस्वतीने वैऱ्याच्या गोटात जावे हा विश्वासघात वाटला. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’च्या अंकांतून रमाबाईंची बाजू घेतली. ब्राह्मणी धर्मशास्त्र स्वतः वाचून, त्यात स्त्रीला स्थान नाही हे पाहून जी बाहेर पडली तिला दोष कसा द्यावा, हा त्यांचा रोख होता. ब्राह्मण स्त्रीच्या धर्मांतराचे समर्थन माळी समाजातल्या, स्वतः ख्रिस्ती न झालेल्या विचारवंताने करावे यात त्या काळच्या वादांची खरी रेषा कोठून जात होती, ते कळते.

परंतु इंग्लंडातही स्वस्थता नव्हती. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचा आणि रमाबाईंचा १८८५ च्या सुमाराचा पत्रव्यवहार पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच रमाबाईंच्या ख्रिस्तीपणाचे स्वरूप अभ्यासकांपुढे नीट आले. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तरुण पुरुषांना शिकविण्याची कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली : अशाने मायदेशी त्यांच्या शीलाविषयी गैरसमज होतील. देशभर पुरुषांच्या सभांत व्याख्याने देत आलेल्या स्त्रीला ही हरकत अपमानकारक वाटली. वाद तेथून सिद्धांतांवर गेला. त्रैक्याची मांडणी, कुमारीजन्म, अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार यांपैकी जे आपल्याला बायबलात दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानावयास त्या तयार नव्हत्या. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले ते दुसरे चढवून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा प्रश्नही त्यांनी केला. त्या शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले गोड पदार्थही टाळीत. भगिनींना त्यात जातीच्या अहंकाराचा अवशेष दिसला. पुण्यात ज्या बाईला जात सोडल्याबद्दल दूषण मिळत होते, तिलाच वाँटेजमध्ये जात न सोडल्याबद्दल बोलणी खावी लागत होती.

या पत्रांतील जेराल्डिन खलनायिका नाहीत. त्यांना रमाबाईंविषयी खरी माया होती, आणि आपल्या हाती आलेला आत्मा भरकटतो आहे ही त्यांची वेदनाही खरी होती. कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांना रमाबाईंच्या शंकांशी अधिक समजुतीने वागता आले, कारण शंका हा श्रद्धेचा शत्रूच असतो असे त्या मानीत नसाव्यात. पण रमाबाईंची अडचण स्वभावाच्या पलीकडची होती. राहणे, खाणे, शिकणे, मुलीचे संगोपन हे सर्व ज्यांच्या आधारावर, त्यांच्याशीच मतभेद करावयाचा होता. वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यकीचा मूळ हेतूही मागे पडला होता. अशा परावलंबी स्थितीत बुद्धीचे स्वातंत्र्य राखण्यास किती मनोबल लागले असेल, याची कल्पना त्या पत्रांच्या संयत, काहीशा तर्ककठोर भाषेवरून येत नाही. ती परिस्थितीवरूनच करावी लागते. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून दोघींत जी ओढाताण झाली, तिची सल शेवटपर्यंत राहिली असावी.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला मोकळा वारा लागला. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले, व्याख्यानांचे दौरे झाले, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे साहाय्य करण्याचे ठरले. साहाय्याची अट अशी, की संस्था उच्चवर्णीय विधवांसाठी असेल आणि तीत धर्मशिक्षण दिले जाणार नाही. ही अट रमाबाईंनी मनापासून मान्य केली होती. प्रवासवृत्ताचे मराठी पुस्तक या काळातील निरीक्षणांचे फळ. त्यात गुलामगिरीच्या उच्छेदापासून स्त्रियांच्या संघटनांपर्यंत जे जे येते ते सर्व मनात मायदेश ठेवून लिहिलेले आहे. त्यातल्या गद्याची ठाशीव, उपरोधाला न भिणारी चाल अव्वल दर्जाची आहे. ही लेखिका याच वाटेने पुढे लिहीत राहिली असती तर मराठी वैचारिक गद्याला काय लाभले असते, हा प्रश्न मनात येतो. तसे घडले नाही. कारण ज्या वाचकवर्गासाठी हे गद्य घडत होते तोच पाच वर्षांत त्यांना दुरावला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. सल्लागारांत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. सदनात जातिनियम सांभाळून स्वयंपाकाची व्यवस्था होती. मुलींनी आपापली व्रतवैकल्ये करावीत, त्यांना आडकाठी नव्हती. गोदूबाई जोशी, म्हणजे पुढील आनंदीबाई कर्वे, या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. केशवपन, एकभुक्त राहणे, घरच्या कोपऱ्यातले कामाचे जिणे यांतून सुटून आलेल्या या मुलींना रमाबाई आईसारख्या होत्या, हे अनेकींच्या आठवणींवरून दिसते. नेमका तोच पुढे वादाचा मुद्दा झाला.

एका अमेरिकी ख्रिस्ती नियतकालिकात सदनाचे वर्णन मिशनरी संस्थेसारखे आले आणि पुण्याच्या पत्रांनी ते उचलले. ‘केसरी’ने हा विषय नेटाने लावून धरला. आक्षेपाचे स्वरूप साधे होते. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. मुली आत येऊन बसू लागल्या. सल्लागारांनी सुचविले की दार लावून प्रार्थना करावी, किंवा मुलींना येऊ देऊ नये. रमाबाईंनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. कोणत्याही मुलीस त्यांनी बोलाविले नव्हते, तसे कोणासही त्या हाकलणार नव्हत्या. हिंदू मुलीला सदनात तुळशीची पूजा करण्याची जी मोकळीक, तीच सदनाच्या चालिकेला आपल्या खोलीत का नसावी, हा त्यांचा प्रश्न होता.

येथे रमाबाईंची बाजू पूर्णतः निर्दोष आणि सल्लागारांची पूर्णतः संकुचित, असे चित्र काही चरित्रांतून उभे केले जाते. ते वस्तुस्थितीस धरून नाही. ज्या मुलींना जगात दुसरे प्रेमाचे माणूस नव्हते, त्यांच्यावर चालिकेच्या नित्य आचरणाचा प्रभाव पडणार हे उघड होते, आणि रमाबाईंनाही ते कळत होते. १८९१ च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेत मोठे परिवर्तन झाले होते. तोवर बुद्धीने स्वीकारलेला धर्म आता हृदयाचा झाला, असे त्या स्वतः सांगतात. ज्या श्रद्धेने आपले सारे जीवन व्यापले ती दाराआड ठेवणे त्यांना अप्रामाणिक वाटू लागले असल्यास नवल नाही. दुसरीकडे, पालकांनी आपल्या मुली ज्या भरवशावर पाठविल्या होत्या तो भरवसा रानडे-भांडारकरांच्या नावाचा होता. एका घरातील विधवेला बाहेर काढण्यासाठी या सुधारकांना किती घरांतून बोलणी खावी लागत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची कोंडीही समजते. करार मोडला गेला नव्हता. कराराच्या शब्दांत जे मावत नव्हते त्यावरून फाटले.

ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी बोस्टनला कळवून आपले अंग काढून घेतले. वीस-पंचवीस मुली पालकांनी परत नेल्या. त्यांपैकी कित्येकींचे शिक्षण तेथेच संपले असणार. रमाबाईंच्या दृष्टीने हा घाव व्यक्तिगत निंदेपेक्षा मोठा होता. निंदाही कमी नव्हती. त्यांच्या वैधव्यावर आणि धर्मावर एकाच वेळी कोट्या करणारे शब्द छापून येत होते. मुली नेल्या जात असताना दार लावून घेण्याचा मार्ग मोकळा होता, तरी त्यांनी तो घेतला नाही. बोस्टनने त्यांच्यावर विश्वास ठेवला म्हणून सदन तगले, पण पुण्याच्या समाजाशी असलेला दुवा तुटला. आगरकरांसारख्या थोड्यांची सहानुभूती राहिली; तेही १८९५ मध्ये गेले. पुढे सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा विरोधकांना आपले भाकीत खरे ठरल्याचे समाधान मिळाले.

याच वर्षीच्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवून स्वावलंबी करावे ही रमाबाईंची कल्पना महाराष्ट्राने अशा रीतीने स्वीकारली. ती स्वीकारताना तिच्या जननीला मात्र वगळावे लागले, कारण हिंदू पालकाला निर्धास्त वाटेल असे घर आता वेगळे हवे होते. कर्वे यांनी रमाबाईंचे ऋण नाकारले नाही. तरी दोन संस्थांच्या मधून गेलेली ही भेग पुढे कधी बुजली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या आईबापांचा दुष्काळ त्यांनी पाहिला होता. आता उपाशी आणि असहाय मुलींना बाया पळविणाऱ्यांच्या हाती पडताना पाहिले. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे अधिकाऱ्यांनी त्यांना ठेवू दिले नाही, तेव्हा सदनाच्या पुढील उत्पन्नासाठी केडगावला घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर राहुट्या ठोकून मुक्ती सदन सुरू झाले. याच प्लेगच्या काळात सरकारी रुग्णालयांतील व छावण्यांतील व्यवस्थेवर, विशेषतः सदनातील एका मुलीच्या बाबतीत झालेल्या हलगर्जीवर, त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातून जाहीर टीका केली. मुंबईच्या गव्हर्नरांनी तिचा इन्कार केला. म्हणजे ज्या उन्हाळ्यात ‘केसरी’ प्लेगच्या कारभारावर लिहीत होता, त्याच उन्हाळ्यात रमाबाईही लिहीत होत्या. या योगायोगाची दखल दोन्ही बाजूंनी घेतली नाही. ख्रिस्ती म्हणजे सरकारधार्जिणी हे समीकरण तोवर इतके पक्के झाले होते, की त्याविरुद्धचा पुरावा कोणाला पाहावयाचाच नव्हता.

१८९८ मध्ये बोस्टनच्या कराराची मुदत संपली आणि रमाबाईंनी यापुढे धर्माविषयीचे बंधन पत्करले नाही. मुक्ती हे उघड ख्रिस्ती मिशन झाले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, घाणा, दुग्धालय, छापखाना, अंध मुलींची शाळा, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन अशी एक वसाहतच उभी राहिली. कोणत्याही एका पंथाची शिस्त तिने पत्करली नाही, म्हणून मिशनांच्या व्यवस्थेतही तिचे स्थान काहीसे कडेलाच राहिले. १९०५ सालच्या धर्मजागृतीने मुक्तीचे नाव परदेशी पसरले, आणि घरच्या वृत्तपत्रांना थट्टेचा आणखी एक विषय मिळाला.

याच सुमारास रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम हाती घेतले. त्याला सुमारे दीड तप लागले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, मुक्तीतल्या कुणबी, महार, भिल्ल बायकांना ती कळत नाही, आणि तिच्यातल्या अनेक शब्दांना जुन्या देवधर्माच्या अर्थाचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. संस्कृतच्या बळावर जिला सरस्वती ही पदवी मिळाली, जिच्या वडिलांनी स्त्रीला संस्कृत देण्यासाठी अरण्य पत्करले, ती आपल्या मराठीतून संस्कृत शब्द वेचून वेचून काढीत होती. धर्मासाठी तिने समाज, कीर्ती, स्नेही सोडले हे चरित्रकार लिहितात. वडिलार्जित विद्याही तिने अशी शब्दाशब्दाने खाली ठेवली, हे कोणी फारसे लिहिलेले नाही. त्या त्यागाने गद्य सुधारले असे मात्र म्हणवत नाही. रूढ संज्ञा टाळण्याच्या हट्टाने काही ठिकाणी भाषा सुबोध होण्याऐवजी अडखळते. ‘स्त्रीधर्मनीति’तला किंवा प्रवासवृत्तातला ओघ तीत नाही. तरीही मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एका स्त्रीने मराठीत आणावे, आणि ते तिच्या संस्थेतील मुलींनीच खिळे जुळवून छापावे, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातली असाधारण गोष्ट आहे.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. ते मिळाले तेव्हा त्या केडगावाबाहेर फारशा पडत नव्हत्या. पांढरे लुगडे, कापलेले केस, ऐकू जवळजवळ येत नाही, अशा स्थितीत भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम चालू होते. मुक्तीची सारी भिस्त मनोरमेवर होती. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली, अंधांची लिपी शिकून येथे शाळा चालविणारी, वयाच्या छत्तिशीत मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारी ही मुलगी आयुष्यभर आईच्या निर्णयांबरोबर फिरत राहिली. बाप्तिस्मा तिच्या वतीने आईने घेतला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. तिने स्वतःसाठी काय इच्छिले असते, हे तिच्याविषयीच्या लेखनातून कळत नाही. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती हृदयविकाराने वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत; ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचा अंत झाला. देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत मराठी चरित्र १९६० साली आले; त्यास अडतीस वर्षे लागली.

भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. मराठी मंडळ्यांनी उपासनेत आपली जुनीच प्रत चालू ठेवली.